आदिवासी आणि मूळनिवासी समाजांची पुस्तकं शोधताना: कुठून सुरुवात करायची, काय तपासायचं

शोधपेटीत ‘आदिवासी पुस्तके’ किंवा ‘मूळनिवासी लोकांवरील पुस्तके’ असं टाकायचं, वर आलेली चार-पाच नावं उतरवून घ्यायची आणि यादी झाली म्हणायचं. बहुतेकांचा शोध इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. हाती येतं ते बहुधा बाहेरच्या माणसाने त्या समाजावर लिहिलेलं, सर्वांत जास्त छापलं गेलेलं पुस्तक. त्या समाजातले लेखक, त्यांची नियतकालिकं, त्यांच्या भाषांतून झालेले अनुवाद हे सगळं त्या यादीच्या खालीच राहतं. दोष शोधयंत्राचा कमी आणि क्रमाचा जास्त आहे. म्हणून खाली क्रमाने टप्पे दिले आहेत. पहिले दोन कंटाळवाणे वाटतील, पण ते वगळले तर पुढचं सगळं ढिसाळ होतं.

## १. आधी शोध अरुंद करा

संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार जगात ४७ कोटींहून अधिक मूळनिवासी लोक आहेत आणि ते सुमारे ९० देशांत पसरले आहेत. त्या सगळ्यांचं मिळून ‘एक साहित्य’ नाही. आर्क्टिकमधल्या सामी कवीचं आणि झारखंडमधल्या संथाल कथाकाराचं पुस्तक एकाच कप्प्यात ठेवलं जातं ते कप्पा करणाऱ्याच्या सोयीसाठी.

एक समाज निवडा, फार तर दोन. मग एक वही किंवा तक्ता घ्या आणि पाच रकाने आखा:

- लेखकाचं नाव
- लेखकाचा समाज (नेमका, ‘आदिवासी’ एवढंच नको)
- लेखन मुळात कोणत्या भाषेत झालं
- अनुवाद कुणी केला आणि कोणत्या भाषेतून
- हे नाव तुम्हाला कुठे सापडलं

तिसरा रकाना गृहीत धरून भरू नका. गोंड समाजातले भुजंग मेश्राम मराठीत कविता लिहीत. तिथे समाज एक आणि लेखनाची भाषा दुसरी आहे, अनुवाद मात्र नाही. उलट काही लेखक दोन्ही भाषांत स्वतःच लिहितात. पाचवा रकाना सुरुवातीला फालतू वाटतो. महिनाभराने तीच नावं तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ लागली, की त्याची किंमत कळते.

सावध: ‘जगभरातलं मूळनिवासी साहित्य’ अशी यादी करायला बसू नका. ती यादी दुसऱ्या कुणाच्या तरी यादीची नक्कल होते.

## २. समाजाची सगळी नावं गोळा करा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. ग्रंथालयांच्या सूची जुन्या आहेत आणि त्यांत समाजांची नावं बाहेरच्यांनी ठेवलेली आहेत. सामी लोकांवरची जुनी पुस्तकं ‘लॅप’ या नावाखाली सापडतात, इन्युइटांवरची ‘एस्किमो’खाली, दक्षिण अमेरिकेतल्या मापुचेंवरची ‘अरौकानो’खाली, उत्तर अमेरिकेतल्या होडेनोशोनींवरची ‘इरोक्वॉइ’खाली. उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासींसाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा विषयमथळा वर्षानुवर्षं ‘इंडियन्स ऑफ नॉर्थ अमेरिका’ असाच होता. त्यामुळे तिकडच्या सूचीत ‘इंडियन’ शब्द टाकला तर भारत आणि अमेरिका यांची खिचडी होते. सोबत देशाचं नाव द्या.

भारतातली अडचण लिपीची आणि वर्णलेखनाची आहे. संथाली घ्या. ‘संथाल’, ‘संताल’, ‘सांताल’ अशी वेगवेगळी रूपं सूचींत आढळतात. त्यात ही भाषा रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये घडवलेल्या ओल चिकी लिपीत लिहिली जाते, शिवाय बंगाली, ओडिया, देवनागरी आणि रोमन लिप्यांतही. एकाच लिपीत शोध घेतला तर बाकीच्या लिप्यांतली पुस्तकं नाहीत असंच वाटतं.

म्हणून प्रत्येक समाजासाठी एक छोटी पट्टी करा: समाज स्वतःला काय म्हणवतो, बाहेरचे काय म्हणतात, जुन्या सरकारी कागदांत काय आहे, भाषेचं नाव काय, लिप्या कोणत्या. जुनी, अवमानकारक नावं शोधापुरती वापरा. लिहिता-बोलताना ती उचलू नका.

तपासणी: जुन्या नावाने शोधल्यावर आणि समाजाच्या स्वतःच्या नावाने शोधल्यावर दोन वेगळ्या याद्या आल्या पाहिजेत. पहिल्या यादीत बाहेरच्यांचे अभ्यास जास्त आणि दुसरीत समाजातले लेखक जास्त, असं दिसलं तर तुम्ही बरोबर चालला आहात.

## ३. पुस्तकाआधी अंक

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पुस्तक व्हायला प्रकाशक, पैसा आणि बाजार लागतो. कविता किंवा कथा अंकात यायला एक संपादक पुरतो. त्यामुळे लेखक अंकात आधी दिसतो आणि पुस्तकात कितीतरी नंतर. न्यूझीलंडच्या जे. सी. स्टर्म या माओरी लेखिकेच्या कथा १९५० च्या दशकात ‘ते आओ होउ’ या नियतकालिकात येत होत्या. त्यांचा कथासंग्रह निघाला १९८३ मध्ये. फक्त पुस्तकांच्या याद्या पाहणाऱ्याला ही लेखिका तीसेक वर्षं दिसलीच नसती. ‘ते आओ होउ’ १९५२ मध्ये सुरू झालं, माओरी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चाललं आणि न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्याचे अंक ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. सरावासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

कोणते अंक पाहायचे? तीन प्रकार वेगळे ठेवा.

पहिला, अनुवादाला वाहिलेली नियतकालिकं. ‘वर्ड्स विदाउट बॉर्डर्स’ (२००३ पासून) आणि ‘असिम्प्टोट’ (२०११ पासून) ऑनलाइन वाचता येतात. ‘मॉडर्न पोएट्री इन ट्रान्सलेशन’ १९६५ पासून निघतं. ओक्लाहोमा विद्यापीठाचं ‘वर्ल्ड लिटरेचर टुडे’ १९२७ पासून, सुरुवातीला वेगळ्या नावाने. भारतीय भाषांसाठी साहित्य अकादमीचं ‘इंडियन लिटरेचर’ हे इंग्रजी द्वैमासिक आहे.

दुसरा, समाजातून किंवा समाजाबरोबर काम करणाऱ्या संस्थांतून निघणारी नियतकालिकं. वडोदऱ्याच्या ‘भाषा’ संस्थेचं ‘ढोल’ हे याचं उदाहरण. ते वेगवेगळ्या आदिवासी भाषांत निघत असे. यातली पुष्कळशी अल्पायुषी असतात. अंक बंद पडला म्हणून टाकून देऊ नका, जुने अंक हीच खाण असते. मात्र वर्गणी भरण्याआधी शेवटचा अंक केव्हा आला ते बघा.

तिसरा प्रकार हक्कांच्या चळवळीची प्रकाशनं: ‘कल्चरल सर्व्हायव्हल क्वार्टर्ली’, किंवा १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आयडब्ल्यूजीआयए या संस्थेचं ‘द इंडिजिनस वर्ल्ड’ हे वार्षिक. जमीन, खाणी, कायदे यांची माहिती इथे मिळते, पण ही वाङ्मयीन नियतकालिकं नव्हेत. अनेक जण इथे कविता शोधतात आणि हिरमुसतात.

अंक कसा वाचायचा? शेवटाकडून.

1. आधी लेखक-परिचय. समाज, भाषा, गाव, आधी कुठे छापून आलं हे सगळं दोन-तीन ओळींत असतं. नावं थेट वहीत उतरवा.
2. मग अनुवादक-परिचय. एखादा अनुवादक एकाच भाषेवर दहा-पंधरा वर्षं काम करत असतो. तो सापडला की त्याने अनुवादित केलेले सगळे लेखक सापडतात. मला तर लेखकापेक्षा अनुवादकाचा माग काढणं जास्त फळतं असं वाटतं.
3. मग परीक्षणं आणि जाहिराती. छोट्या प्रकाशकांची नावं इथेच मिळतात.
4. विशेषांक असेल तर अतिथी संपादकाचं मनोगत. त्यात कुणाला घेतलं आणि कुणाला घेता आलं नाही ते लिहिलेलं असतं. दुसरी यादी पहिलीइतकीच कामाची.
5. कविता आणि कथा शेवटी, निवांत.

नेहमीची चूक: विशेषांक वाचून थांबणं. विशेषांक म्हणजे पाहुणचार. त्या नियतकालिकाच्या एरवीच्या अंकांत या लेखकांना जागा मिळते का, तेही पाहा.

तपासणी: दोन-तीन अंक चाळल्यावर वहीत किमान दहा नावं आणि त्यांतले दोन-तीन अनुवादक हवेत. तेवढी झाली नसतील तर पुढे जाऊ नका, आणखी एक अंक काढा.

## ४. बोलतंय कोण, ते ठरवा

आता पुस्तकांकडे वळा. प्रत्येक पुस्तक चारपैकी कोणत्या खणातलं ते आधी ठरवायचं: समाजातल्या लेखकाने स्वतः लिहिलेलं, एकाने सांगितलेलं आणि दुसऱ्याने लिहून काढलेलं, बाहेरच्या अभ्यासकाचं, किंवा समाजातला असल्याचं सोंग घेऊन लिहिलेलं. मुखपृष्ठावरून हे कळत नाही. शीर्षकपान, प्रताधिकाराचं पान, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश या चार जागा पाहाव्याच लागतात.

दुसरा खण सर्वांत फसवा. १९३२ मध्ये आलेलं ‘ब्लॅक एल्क स्पीक्स’ हे अमेरिकेतल्या लाकोटा समाजातल्या एका वृद्धाचं आत्मकथन म्हणून जगभर वाचलं गेलं. ते घडलं कसं? ब्लॅक एल्क लाकोटात बोलत, त्यांचा मुलगा बेन ते इंग्रजीत सांगे, कवी जॉन नाइहार्ट यांची मुलगी इनिड लघुलिपीत टिपून घेई, आणि मग नाइहार्ट त्याची मांडणी करत. मूळ टिपणं १९८४ मध्ये ‘द सिक्स्थ ग्रँडफादर’ या नावाने प्रसिद्ध झाली. पुस्तकाच्या शेवटी समाजाचं स्वप्न संपल्याचं सांगणारा जो प्रसिद्ध परिच्छेद आहे, तो या टिपणांत नाही. तो नाइहार्ट यांचा आहे. ब्लॅक एल्क यांनी कॅथलिक धर्मशिक्षक म्हणून घालवलेली अनेक वर्षंही पुस्तकात जवळजवळ दिसत नाहीत. म्हणून ते वाचू नये असं नाही. कुणाचं वाक्य म्हणून उद्धृत करायचं, एवढं मात्र बदलतं.

चौथ्या खणाचं उदाहरण ‘द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री’ (१९७६). अमेरिकेतल्या चेरोकी समाजातल्या आजी-आजोबांकडे वाढलेल्या मुलाची खरी आठवण म्हणून ते विकलं गेलं. लेखक ‘फॉरेस्ट कार्टर’ म्हणजे प्रत्यक्षात एसा कार्टर, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेत वावरलेला आणि अलाबामाचे वर्णद्वेषी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांची भाषणं लिहिणारा माणूस. १९९१ मध्ये पुस्तक खपाच्या यादीत वर असताना हे पुन्हा चव्हाट्यावर आलं, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते सत्यकथनाच्या यादीतून काढून कादंबऱ्यांच्या यादीत टाकलं.

अशा पुस्तकांपासून बचाव करण्यासाठी हे पाहा:

- परिचयात समाजाचं नेमकं नाव, गाव किंवा घराणं आहे की ‘आदिवासी रक्ताचा’ असं मोघम काहीतरी?
- त्या समाजातलं दुसरं कुणी या लेखकाचा आपला म्हणून उल्लेख करतं का?
- सांगितलेलं पुस्तक असेल तर सांगणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर आहे का? प्रताधिकार कुणाचा?
- दुभाषा कोण होता, ते लिहिलं आहे का?

तिसऱ्या खणातली, म्हणजे बाहेरच्या अभ्यासकांची पुस्तकं सरसकट फेकू नका. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड (१९१६) आजही गाणी, कुळांची नावं, जुने उल्लेख तपासायला लागतात. पण ते १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळातले आहेत, हे डोक्यात ठेवून वाचा. अख्खी जमात जन्मतः गुन्हेगार ठरवणारा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्या काळच्या पुस्तकांतली विशेषणं पुढच्या पुस्तकांत उतरत आली आहेत.

सावध: या तिसऱ्या खणातलं पुस्तक पहिलं वाचू नका. पहिलं वाचलं की बाकीची सगळी त्याच्या मापाने मोजली जातात.

## ५. अनुवादाची साखळी उलगडा

तुमच्या हातातलं पुस्तक मूळ भाषेपासून किती पावलं दूर आहे? अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी समाजाचे दावी कोपेनावा यांनी आपल्या भाषेत सांगितलं, मानववंशशास्त्रज्ञ ब्रूस आल्बेर यांनी ते फ्रेंचमध्ये लिहिलं (२०१०), त्यावरून इंग्रजी आलं (२०१३). इंग्रजीवरून कुणी मराठीत आणलं तर ते चौथ्या हातचं होईल. चौथ्या हातचं म्हणजे वाईट असं नाही, पण शब्दाशब्दावर निष्कर्ष काढायचे असतील तर ते कामाचं नाही.

शीर्षकपानाच्या मागे मूळ शीर्षक, मूळ भाषा आणि मूळ वर्ष शोधा. ‘इंग्रजीवरून’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर तो प्रामाणिकपणा समजा. काहीच लिहिलेलं नसेल तर अनुवादक ती भाषा जाणतो का हे त्याच्या परिचयावरून ताडा. अनुवादकाची टीप नसणं ही माझ्या दृष्टीने धोक्याची खूण आहे, विशेषतः मौखिक परंपरेतल्या गाण्यांच्या आणि कथांच्या संग्रहांत. तिथे गाणं कुणी गायलं, कुठे, केव्हा, कुणी नोंदवलं एवढं तरी हवंच. ‘एक आदिवासी लोकगीत’ एवढीच ओळ असेल तर गाणाऱ्याचं नाव पुसलं गेलं आहे.

अनुवादात काय आलं नाही हेही बघा. सामी कवी निल्स-आस्लाक वाल्केआपा यांच्या ज्या पुस्तकाला १९९१ मध्ये नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार मिळाला, त्याच्या मूळ सामी आवृत्तीत सामी लोकांची जुनी छायाचित्रं आहेत. परभाषेतल्या आवृत्त्यांत ती नाहीत. ते कवीच्याच इच्छेने झालं: चित्रं आपल्या माणसांसाठी, कविता सर्वांसाठी. अनुवाद वाचणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो आपल्याकडे पूर्ण पुस्तक आहे असं धरून चालतो.

दोन आवृत्त्यांतून निवड करायची असेल तर द्विभाषी घ्या. चिलीचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार २०२० मध्ये मिळालेले मापुचे कवी एलिकुरा चिवाइलाफ यांच्या कविता समोरासमोर दोन भाषांत छापलेल्या मिळतात. मूळ भाषा येत नसली तरी ओळींची लांबी, पुनरावृत्ती, लय डोळ्यांना दिसते.

## ६. प्रकाशकाची सूची चाळा

एक चांगलं पुस्तक सापडलं की प्रकाशकाची पूर्ण सूची उघडा. मूळनिवासींनी स्वतः चालवलेल्या किंवा त्यांच्या लेखनाला वाहिलेल्या संस्था ठिकठिकाणी आहेत: कॅनडात थेइटस (१९८०), ऑस्ट्रेलियात ब्रूमची मागाबाला (१९८७), न्यूझीलंडमध्ये हुइया (१९९१), कोलकात्यात आदिवाणी (२०१२). जुन्या पुस्तकांची यादी नव्याइतकीच नीट बघा.

पुरस्कारांच्या याद्याही चाळाव्यात. संथाली आणि बोडो २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या, आणि त्यानंतर त्या भाषांतल्या लेखनाला साहित्य अकादमीचे वार्षिक पुरस्कार मिळू लागले. ज्या भाषांना अकादमीची मान्यता नाही त्यांच्यासाठी ‘भाषा सन्मान’ आहे, १९९६ पासून. या दोन याद्या एकत्र पाहिल्या तर निम्मं काम होतं.

## ७. ग्रंथालयात योग्य कपाट गाठा

मूळनिवासी कवीचा संग्रह कवितेच्या कपाटात असेलच असं नाही. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीत तो ३९८ (लोकसाहित्य) किंवा ३०५.८ (वांशिक गट) या क्रमांकांखाली गेलेला असू शकतो. आधुनिक, स्वाक्षरीची कविता लोककथांच्या रांगेत बसलेली दिसते. म्हणून साहित्याचं कपाट झालं की ही दोन्ही कपाटं हाताने चाळा. ही गैरसोय इतकी जुनी आहे की कॅनडात ब्रायन डियर या मोहॉक ग्रंथपालाने १९७० च्या दशकात वेगळी वर्गीकरण पद्धतच बनवली. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मूळनिवासी ग्रंथालयात तिचंच एक रूप वापरलं जातं.

पुस्तक जवळ नसेल तर वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचीत ते कोणत्या ग्रंथालयात आहे ते पाहा आणि आंतरग्रंथालयीन देवघेवीची मागणी करा. प्रताधिकार संपलेले जुने ग्रंथ इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. ग्रंथपालाला ‘आदिवासींवर काही आहे का’ असं विचारू नका, उत्तरही तसंच येईल. असं लिहून द्या:

> ‘मला संथाली भाषेतून थेट अनुवादित झालेल्या कविता हव्या आहेत. मराठी, हिंदी किंवा इंग्रजी चालेल. मूळ लेखक संथाल समाजातले हवेत. विषय ‘संथाल’, ‘संताल’ अशा दोन्ही रूपांत बघावा. लोककथांचे संग्रह नकोत. पुस्तक नसेल तर नियतकालिकांचे अंक चालतील.’

## ८. उद्धृत करण्याआधी

मुलांसाठी पुस्तक निवडत असाल तर त्या समाजातल्या परीक्षकाचं मत आधी वाचा. अमेरिकेपुरतं बोलायचं तर डेबी रीस या नांबे पुएब्लो अभ्यासिकेची ‘अमेरिकन इंडियन्स इन चिल्ड्रन्स लिटरेचर’ ही साइट २००६ पासून हेच काम करते आहे.

काही ऑस्ट्रेलियन पुस्तकांच्या सुरुवातीला सूचना असते की आत दिवंगत व्यक्तींची नावं किंवा छायाचित्रं आहेत. तशी सूचना दिसली तर त्या पानांचे फोटो काढून पसरवू नका. विधींची गाणी आणि पवित्र कथा जुन्या संग्रहांत छापल्या गेल्या आहेत, म्हणून त्या सर्वांसाठी खुल्या आहेत असं नाही. पुष्कळदा त्या परवानगीशिवाय छापलेल्या असतात.

उद्धरण देताना लेखक, समाज, अनुवादक आणि मधली भाषा या चारही गोष्टी लिहा. पहिल्या टप्प्यातले रकाने भरलेले असतील तर याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

## ९. वाचायला कोणत्या क्रमाने घ्यायचं

अंकातल्या कविता-कथा आधी. मग त्याच लेखकांपैकी एकाचं पूर्ण पुस्तक. मग सांगून लिहून घेतलेलं आत्मकथन, शक्यतो त्याच्या घडणीची कहाणी सोबत ठेवून. अभ्यासकाचा ग्रंथ सर्वांत शेवटी. एखाद्या नावापाशी अडलात, पुस्तक कुठेच मिळेना, तर नियतकालिकाच्या संपादकाला लिहा आणि पत्र अनुवादकापर्यंत पोचवायची विनंती करा. पत्रात कोणत्या अंकातली कोणती कविता वाचली ते नक्की लिहा. छोट्या भाषांच्या अनुवादकांना वाचकांची पत्रं क्वचितच येतात, त्यामुळे उत्तर बहुधा येतं आणि कधी कधी त्यासोबत अजून न छापलेल्या दोन-चार लेखकांची नावंही.